रिकामी चौकट

लिएपाया, नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
बंदराकडचा वारा खिडकीच्या फटीत
बोट घालून बसलाय.
मी गिर्त्स, वय एकेचाळीस.
दिवसा गोदीतल्या क्रेनांचे हिशेब ठेवतो,
रात्री एक फुकटचं एक्स्टेन्शन सांभाळतो:
वेबपानावरची अक्षरं मोठी करतं,
पांढरा उजेड मंद करतं.
एवढंच.
आईचे डोळे अधू झाले तेव्हा लिहिलं होतं.
आई गेली, एक्स्टेन्शन राहिलं.
आता एकोणीस हजार अनोळखी माणसं
त्यातून वाचतात.

सर्व्हरचं बिल मात्र अनोळखी नाही.
तीन तारखेला येतं, घरच्यासारखं,
न विचारता.

जाहिराती लाव, म्हणाला एकजण.
दुसऱ्याने तर किंमतही चांगली देऊ केली,
कोण काय वाचतं
तेवढंच फक्त कळवायचं होतं.
आईने शेवटच्या महिन्यांत काय काय शोधलं होतं,
मला माहीत आहे.
मी त्याला उत्तर दिलं नाही.

सेटिंगमध्ये, अगदी तळाशी, एक चौकट केली.
तिच्यापुढे लिहिलं:
तुमचा संगणक नुसता बसून असेल तेव्हा
त्याला माझ्यासाठी थोडं खणू द्याल?
वीज तुमची जाईल. पंखा फिरेल.
नाही म्हणालात तरी
अक्षरं तेवढीच मोठी दिसतील.

तीनदा खोडलं.
चौथ्यांदा ‘कृपया’ काढून टाकलं,
हात पसरल्यासारखं वाटत होतं.
चौकट रिकामी ठेवली.
टिक करायची ती त्यांनी.
दार उघडं असलं तरी
कडी वाजवूनच आत जायचं असतं.

पहिल्या आठवड्यात सातजण.
मग एकतीस.
मग एका अँटिव्हायरसने आम्हाला चोर ठरवलं
आणि उरले बारा.

कसली ही खाण!
ना कुदळ, ना घाम, ना नखांत माती.
आकड्यावर आकडा आपटत राहायचा
एखादा फुटेपर्यंत.
महिनाअखेर निघाले
दोन युरो चाळीस सेंट.

आणि एक पत्र आलं. कागदावर, पाकिटात.
वेल्ता ग्रावीते, कुल्दीगा,
वय अठ्ठ्याहत्तर, शिवणाची निवृत्त शिक्षिका.
मी तुमच्या बारांतली, असं लिहिलेलं,
आणि सोबत विजेचं बिल.
गेल्या महिन्यापेक्षा सहा युरो जास्त,
निळ्या शाईने अधोरेखित.

दोन चाळीसला बाराने भागलं.
वीस सेंट.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
तोही तिच्या पेन्शनीतून.
कान तापले.
लगेच लिहिलं: बाई, ती टिक काढा,
मी सगळ्यांसाठीच बंद करतोय.

बारा दिवसांनी उत्तर.

‘तक्रार नव्हती हो ती.
पावती होती.
मला वाटलं, तुम्हाला कळावं
मी किती काम केलं ते.
रात्री वाचून झालं की मी संगणक बंद करत नाही.
थोड्या वेळाने पंखा सुरू होतो.
आमचे विल्निस असेच घोरायचे,
मध्येच थांबत, मग एकदम जोरात.
मांजर त्या गरम झरोक्याशी जाऊन पडते.
सहा युरोंत
दुसरं कोण येणार आहे सोबतीला?’

तीनशेबारावी ओळ उघडून बसलो.
तीच पुसायची होती.
चहा निवला. वारा फटीतून बोट काढेना.

शेवटी चौकटीखाली एवढंच वाढवलं:
तुमचं जाईल जास्त, माझ्या हाती येईल कमी.
हे ठाऊक असू द्या.

आज तीन तारीख. बिल आलंय.
रात्री अकरा चाळीसला
खणणाऱ्यांचा आकडा चारवरून पाचवर गेला.
कोण, कुठून, मला दिसत नाही.
दिसावं अशी सोय मीच ठेवलेली नाही.
कुणीतरी कुठेतरी
वाचता वाचता थांबलंय,
एवढंच.