बत्तीस

बर्फाच्या कारखान्यावरची ती खोली, देवगड बंदर.
तीस वर्षं तिथं मी माणसं झोपवली:
खलाशी, तांडेल, एक पोस्टमास्तरसुद्धा.
छातीला पट्टा, बोटाला चिमटा,
कागदावर श्वासाची रेघ
चढते, उतरते, मग सपाट,
ओहोटी संपतानाची खाडी.

बाबी कुबल हसला,
"झोप नाय कोण म्हणता? सुकाणूर बसलंय की येताच."
रात्रीत चारशे वेळा गुदमरला होता तो,
सकाळी चहा मागितला.

एकवीस निबंध छापले.
एकातही लिहिलं नाही
की मोजायला मी शिकले सातव्या वर्षी,
बाबांशेजारी, अंधारात, बोटांच्या पेरांवर.
बत्तीसला ते परत यायचे,
अडकलेला नांगर सोडवून वर आल्यासारखे.

एका रात्री
अकरावर माझा डोळा लागला.