एकशे चौतीस मीटर

गुरुवारी रात्री, सित्रामधल्या नऊ नंबरच्या खोलीत
जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरून
आम्ही मोहीम आखतो आहोत.
बहारीनच्या बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर,
जबल अल दुखान.
उंची एकशे चौतीस.

मीटर की फूट? पावसकर विचारतो.
मीटर, मी म्हणतो,
आणि कुंजुमोन तोंडावर टॉवेल धरून हसतो.

मी अकोल्याकडचा, कळसूबाईच्या सावलीतला.
आमच्या विहिरीचा तळसुद्धा
या शिखराहून पाच-सहाशे मीटर वर.
म्हणजे हिशेबाने मी जन्मलोच शिखरावर
आणि पोटापाण्यासाठी उतरत उतरत
समुद्रसपाटीला लागलो.

दुखान म्हणजे धूर,
हे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अबू हुसेनने सांगितलं.
दमट दिवसांत डोंगराभोवती धुरकट असतं, त्यावरून.
पण मराठी कानाला ते आधी दुखलंच.
आईला फोनवर नाव सांगितलं तर ती गप्प.
मग म्हणाली,
"कोसळत बिसळत नाही ना रे?"

आपल्याकडे डोंगर पोखरला की उंदीर निघतो.
याच्या पायथ्याशी पोखरलं तर तेल निघालं,
आणि त्या तेलामागून
पाइप आले, पाइपांमागून वेल्डर,
वेल्डरांमागून मी.
नऊ वर्षांत एकदाही मान वर करून बघितला नाही.
दुरून साजरा दिसावा
एवढासुद्धा तो उंच नाही.

तर यादी.
कुंजुमोनची पिकअप, पहाटे साडेचार.
पाणी माणशी तीन लिटर.
चपात्या बारा, शेंगदाण्याची चटणी,
खजूर अबू हुसेनकडून, उधार.
कुंपण कुठे आहे, कुठे नाही, ते तिथे बघू.
कुणी हटकलं तर अरबीत बोलणार कुंजुमोन,
आम्ही दोघांनी नुसतं हसायचं.
चढायला वीस मिनिटं, वर दहा, उतरायला पंधरा.
अकराला माझी शिफ्ट.

दोर घ्यायचा का, मी गमतीने म्हणतो,
आणि पावसकर, इतका वेळ कांदा सोलत बसलेला,
मान वर करतो.
तो मनामात काचा पुसतो, पन्नासाव्या मजल्यावर.
"मजल्याला चार मीटर धर," तो म्हणतो,
"म्हणजे मी रोज सकाळी नऊला
तुमच्या शिखराच्या वर लटकतो.
चहाला खाली येतो. परत जातो."

एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.

मग तू कशाला येतोस?

तो कांद्याची सालं
वर्तमानपत्राच्या एका कडेला गोळा करतो.
"तिथं पायाखाली काही नसतं ना.
आणि तोंड काचेकडे.
सहा वर्षं समुद्र मी काचेतच बघतोय,
डावा उजवीकडे,
आणि मधोमध माझं हेल्मेट."

कुणी काही बोलत नाही.
मी यादीतले 'वर दहा' खोडतो,
अर्धा तास लिहितो.
शिफ्टला उशीर झाला तर झाला,
फोरमन ओरडेल, तो एरवीही ओरडतोच.

"वरून हर्णै कुठल्या अंगाला येईल?" पावसकर.
मी पेनाने वर्तमानपत्रावर बाण काढतो,
एका कारच्या जाहिरातीतून
आग्नेयेकडे.
"मधे कतार येतं," कुंजुमोन म्हणतो.
"येऊ दे," पावसकर म्हणतो,
"ते काय, सपाटच आहे."

दिवा घालवल्यावरही बराच वेळ
खालच्या खाटेवरून आवाज येत राहतो.
अंधारात तो सेफ्टी बुटांच्या
नाड्या ओवतो आहे,
एक भोक चुकलं की सगळी उसवून,
पुन्हा पहिल्यापासून.