एकच प्रत

पुस्तक एक, वाचणाऱ्या पाच.
उदगीरच्या वाचनालयातून माझ्या कार्डावर काढलेलं,
फिरत फिरत आज माझ्याकडंच आलं,
बैठकीच्या तासभर आधी.

सुशीलेसाठी मुरमुरे भिजत घालून मी पानं चाळते.
चाळिसाव्या पानावर अहमदपूरचं एसटीचं तिकीट :
देवशाला तिथंच उतरली.
शमीमच्या बोटांची मेंदी थेट शेवटच्या पानापर्यंत,
आणि बिराजदार बाईंनी पेन्सिलीनं
लेखकाचं शुद्धलेखन तपासलंय.

चार वाजता सतरंजीवर गलका.
सगळ्यात जास्त बोलली देवशाला.
‘वाचलालेय की अजून,’ म्हणत म्हणत
नायिकेला तिनं परत नांदायलाही धाडलं.

मग शमीमनं पुस्तक उघडून धरलं.
पान एकशेबारा.
‘ती त्या घरी पुन्हा गेली नाही’
या ओळीखाली नखानं ओढलेली रेघ
कुणाची गं?

पंखा तेवढा कुरकुरला.
बिराजदार बाई म्हणाल्या, माझी असती तर सरळ असती.
हसलो सगळ्या.
महानंदा बशीतले शेंगदाणे
एकीकडं करत राहिली.

चहा उतू जाईल म्हणून मी उठले.
चहा अजून ठेवलाच नव्हता.