पाठीमागचे हिशेब

तिबिलिसीत, कोरड्या पुलावर, दर शनिवारी
सिसानाबाई चादर अंथरते.
तिच्यावर चमचे, पदकं, एक बिनहाताचा ब्राँझचा पोरगा,
आणि जुन्या मोटारीच्या बॉनेटला टेकवलेलं
डाळिंबांचं तैलचित्र.

ओतार चष्मा कपाळावर सरकवतो,
रंगाचे पोपडे नखाने चाचपतो, कॅनव्हास हुंगतो.
डाळिंबं जरा कच्चीच आहेत, म्हणतो.
"दीडशे लारी."
"शंभर."
बाई रुमालाचं टोक थुंकीने ओलं करून
चित्राचा कोपरा पुसते,
शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तसा.
एकशे वीसवर जमतं.
वर एक सूचना फुकट:
शेगडीजवळ लावू नकोस, धूर फार खाल्लाय त्याने.

घरी, खिळा ठोकण्याआधी,
तो चित्र पालथं घालतो.
चौकटीच्या लाकडावर पेन्सिल,
दर ओळीला अक्षर वेगळं:
चाळीस रूबल.
शिवणयंत्र एक, पायाचं.
मग, हिवाळा त्र्याण्णव. रॉकेल, पाच लिटर.
हे शेवटचं अक्षर वाकडंतिकडं,
हातमोजे न काढता लिहिल्यासारखं.

कोणी दिलं, कोणी घेतलं,
लाकूड काही सांगत नाही.

खाली बोटभर जागा उरलीय.
ओतार पेन्सिलीला टोक काढत बसतो,
गरजेपेक्षा बराच वेळ.
मग लिहितो: एकशे पन्नास.

आतून अक्रोड फोडता फोडता लामारा विचारते,
"केवढ्याला पडलं?"
तो खिळा ओठांत धरतो
आणि हातोडी शोधू लागतो.