रिकामं चालवू नये

गावाचं नाव मार्च, महिना नोव्हेंबर.
सपाट काळी जमीन, समुद्राहून दोन हात खाली,
आणि वर, बांधाच्या डोक्यावरून, नदी.
इथे नदी पाहायला मान वर करावी लागते.

पंपघराच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे,
दुसरी मिस्टर फोव्हार्ग यांच्याकडे.
निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती परत केली नाही,
मंडळानेही मागितली नाही.

सगळं काम आता विजेचे पंप करतात.
डिझेल फक्त वीज गेली तर;
ती गेली होती मी यायच्या अकरा वर्षं आधी.
तेव्हापासून लिंकनला ओतलेलं हे सहा सिलिंडरचं इंजिन
हिरव्या रंगात तयार,
येतो म्हणालेल्या पाहुण्यांसाठी नेसून बसलेल्या बाईसारखं.

महिन्यातून एकदा मी येते.
आधी टाकीच्या तळाचा नळ:
बरणीत पेलाभर पाणी, वर डिझेल,
दोघांच्या मध्ये करडी साय.
"जिवंत आहे ते," फोव्हार्ग म्हणतात,
"टाकी अर्धी ठेवलीस की उरलेल्या अर्ध्यात ओल राहायला येते."
मग गाळण्या, पट्टे, हवेची बाटली.
मग फ्लायव्हीलच्या भोकात पहार घालून
अर्धा फेरा हाताने. कुठे अडत नाही ना.
उभ्या उभ्या अंगातलं तेल खाली उतरतं,
लोखंड लोखंडाला धरून बसतं.

मग हवा सोडायची.
पहिला ठोका. फरशी दचकते, चरातली बदकं उडतात.
दहा मिनिटं मोजायची, बंद करायचं,
वहीत लिहायचं: चालवलं. ठीक.

या खेपेला फोव्हार्ग सायलेन्सरखाली वाकले,
सांध्यावर बोट फिरवून माझ्यापुढे धरलं.
काळं, चिकट, ओलं.
"दहा मिनिटं, रिकामी, दर महिन्याला. हे त्याचं."
(इंजिनला ते 'ती' म्हणतात.
माझ्या भाषेत ते नपुंसकलिंगी; मी बोलले नाही.)
"तापतच नाही ती. अर्धं जळतं, अर्धं आत बसतं.
याहून न चालवलेली बरी.
पाणी दे तिला. उचलू दे."

विजेचे पंप आम्ही बंद केले.
दुपारपर्यंत चरात पाणी साचू दिलं.
त्यांनी बिटाचं सँडविच खाल्लं, अर्धं मला दिलं.
मग झडप उघडली
आणि आवाज खाली उतरला,
पोतं पाठीवर आल्यावर माणसाचा उतरतो तसा.
धूर आधी काळा, मग निळा, मग दिसेना.
दोन तास. करपलेल्या रंगाचा वास.
वर नदीत तपकिरी पाणी पडत राहिलं,
त्याबरोबर एक वाम, वळवळत, जिवंत.

रविवारी कुरुंदवाडला फोन.
जेवलास? जेवलो.
थंडी आहे? आहे की.
पोरं? बरी आहेत.
सहा वर्षं, दर रविवारी, दहा मिनिटं. ठीक.

मी म्हटलं, धनपाल,
त्या ऑगस्टात पाणी माळ्याला लागलं,
आईला पाठीवर घेऊन रात्रभर पत्र्यावर बसलास,
ते मला तीन आठवड्यांनी का सांगितलंस?
(मधले दोन रविवार फोन लागला नव्हता.
मी लाइनला दोष दिला होता.)

पलीकडे काहीच नाही. मग खोकला.
मग आला तो, आधी सगळा काळाच:
"तुझं कामच पाण्याचं. तुला कळलं असेल म्हणून
आम्ही तुझी वाट बघितली."

मी फोन ठेवला नाही.
त्यानेही नाही.
तासाभराने कान बदलला.

मंडळाचं पत्र आलंय:
पूर नसताना एकशे चाळीस लिटर डिझेल
कशासाठी जाळलं, खुलासा करावा.
अजून लिहिलेला नाही.