तवंदी घाट, तिसरा गिअर

गावात काही नाही, निपाणीच्या रस्त्यांवर लोणी.
घाट लागला, पाय पुरता दाबला
की दोन हजारांच्या काट्यापाशी
देऊ की नको अशा हातासारखी
गाडी मागं-पुढं.

एकानं फिल्टर बदलला,
दुसऱ्यानं इंजेक्टर धुऊन बिल दिलं.
भरमू अष्टेकर बॉनेटला शिवेचना.
शेजारी बसला. काच खाली, रेडिओ बंद.
"द्या की ओ पाय. भिऊ नका."

दिला.
त्यानं डोळे मिटले. "शिट्टी ऐकलासा?"
मला तंबाखूच्या ट्रकची घरघर तेवढी.

गॅरेजात टर्बोच्या पाइपात हवा भरली,
वरून साबणाचं पाणी.
पोराला म्हणाला, "ब्याटरी हिडी."
क्लॅम्पखाली, रबराच्या पोटाला
नखाएवढी चीर.
एरवी मिटलेली,
दाब आला की तोंड उघडणारी.
बुडबुडा आला. दुसरा.
तिसऱ्याला पोरगं हसलं.

"गाडीगे एष्टु वर्षा आतु?"
भरमूनं हात पुसत विचारलं.
मी सोळा म्हणालो की हदिनारु,
आता आठवत नाही.

संध्याकाळी घाट तिसऱ्यावरच चढलो, एका दमात.
रेडिओ लावला नाही.
कान अजून ती शिट्टी शोधत होता.