डाग

झेस्टाफोनीत माणूस गेला
की त्याचा फोटो आधी माझ्याकडे येतो.
मी कॉलर सरळ करते, मागचं लग्न,
बाटल्या, कुणाचा तरी खांद्यावरचा हात पुसून टाकते.
मग जुंबेरकाका काळ्या दगडावर
सुईच्या टोकाने तो माणूस टोचत बसतात.

काल रात्री शाल्वाच्या गालावर
हिरवे चौकोन उगवले.
आधी तीन. मग कपाळभर.
मग पडदा काळा, पंखा मात्र फिरतोय,
बिऱ्हाड गेल्यावर चालू राहिलेल्या नळासारखा.
उद्या दहाला त्याची बायको येणार, चेहरा पसंत करायला.

केबल काढली, फुंकली, लावली.
शेजारच्या दंतवैद्याचा मॉनिटर उचलून आणला,
त्यावरही तेच हिरवं गोंदण.
म्हणजे डोळे शाबूत, दुखणं आत.
ड्रायव्हर काढला, मागच्या वर्षीचा घातला.
झाकण उघडलं तर दगडाची भुकटी,
काळी, मऊ,
कितीतरी चेहऱ्यांतून उडालेली.
कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात
पोरीच्या खोडरबराने घासले,
परत बसवलं, खट् वाजलं.
चौकोन.

हे कार्ड उचाकडून घेतलेलं, दोनशे लारीला.
त्याच्या गॅरेजात अशी चाळीस कार्डं
रात्रंदिवस नाणी खणायची,
हातात न येणारी नाणी.
'खाणीतलं आहे,' त्याने आधीच सांगितलं होतं.
मी हसले होते. दगडही खाणीतलाच,
तो कुठे कधी बिघडतो?

रात्री एकला त्यालाच उठवलं.
'एतेरी, चिपखालचा डाग सुटला असेल,' तो म्हणाला,
'भाजून बघ. पंखा काढ, प्लास्टिक काढ,
ओव्हन दोनशेवर, आठ मिनिटं.
खिडकी उघडी ठेव.
आणि त्या ओव्हनात पुन्हा काही खायचं करू नकोस.'
'मग ईस्टरचा पास्का?'
'आईकडे,' म्हणाला आणि फोन ठेवला.

फॉइलच्या चार गोळ्यांवर कार्ड ठेवून
मी काचेपाशी उकिडवी बसले.
एवढं लक्ष मी कधी भाकरीकडे दिलं नव्हतं.
राळेसारखा वास, मग केस जळल्यासारखा.
नंतर तासभर हात मांडीखाली दाबून ठेवले,
गरम असताना हलवलं तर सगळं गेलं असतं.

पहाटे चारला शाल्वा आला.
लख्ख. एकही चौकोन नाही.
फक्त डाव्या डोळ्याखाली एक ठिपका, काळपट.
काच पुसली. जाईना.
फोटो सरकवला, ठिपका सोबत सरकला.
तेव्हाच कळायला हवं होतं.
पण वाटलं, कार्डाने मरता मरता फाइललाही चावा घेतला.
दोन क्लिक. गेला.

दहाला त्सिउरी आली. चष्मा लावला, काढला, लावला.
'हा त्याचा भाऊ वाटतोय.'
मग बोट टेकवलं, नेमकं तिथेच.
'इथला डाग कुठे गेला?
कारखान्यात भट्टीची ठिणगी उडाली होती,
आमच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.
अर्ध्या तोंडाला पट्टी बांधून उभा होता देवळात,
पाद्री दोनदा नाव विचारत होता.'

मी दोन पावलं मागे गेले, कीबोर्डवर.
डाग परत आला.
'हां,' ती म्हणाली,
आणि दगडाचा भाव विचारायला लागली.

कार्ड अकरा दिवस चाललं.
बाराव्या दिवशी एका भूगोलाच्या मास्तरांच्या
भुवईत पहिला चौकोन उगवला.
तोवर शाल्वा दगडात उतरला होता.
मी काकांना विचारलं, तो डाग कुठल्या सुईने टोचलात?
त्यांनी भुकटी फुंकली.
'टोचायचा कशाला? दगड काळाच आहे.
तेवढ्या जागेला हात लावला नाही.'